चाळीसचे तीन पंचमांश: आधी एक वाटा किती ते काढा

पत्र: माझा मुलगा पाचवीत आहे. तीसपर्यंतचे पाढे पाठ आहेत, बेरीज-वजाबाकीत सहसा चुकत नाही. पण ‘४० चे ३/५ किती?’ असं आलं की अडतो. कधी १२०/२०० लिहितो. कधी ४० ला ३ ने भागायला बसतो आणि बाकी उरली की रडवेला होतो. एकदा तर उत्तर ६६ आणलं. ‘वरच्याने गुण, खालच्याने भाग’ असं सांगितलं, ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी वरचं खाली आणि खालचं वर. शिष्यवृत्तीच्या सरावात ‘उरलेल्याचा पाव भाग’ असली गणितं येतात, ती तो वाचून सोडूनच देतो. घरी नेमकी कुठून सुरुवात करू?
– एक आई, बार्शी

ताई, तुम्ही चुकलेली उत्तरं जशीच्या तशी लिहून पाठवलीत, हे फार चांगलं केलंत. नुसतं ‘जमत नाही’ एवढंच कळलं असतं तर आम्हीही मोघमच सांगितलं असतं. या तीन उत्तरांमध्ये तीन वेगवेगळ्या गोष्टी बिनसल्या आहेत, आणि तिन्ही पाचवी-सहावीच्या मुलांमध्ये नेहमी दिसणाऱ्या आहेत.

१२०/२०० पासून सुरू करू. त्याने ४० ने अंशालाही गुणलं आणि छेदालाही. हे त्याने मनाने काढलेलं नाही. सममूल्य अपूर्णांक शिकताना ‘अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणायचं’ हेच तर त्याच्याकडून घोटून घेतलेलं असतं. त्यामुळे ४० आणि ३/५ शेजारी दिसले की हात आपोआप तिकडे वळतो. १२०/२०० ला संक्षिप्त रूप दिलं तर परत ३/५ च येतं. म्हणजे एवढं करून ४० चा उपयोगच झाला नाही. हे त्याला रागावून सांगू नका, त्याच्याकडूनच संक्षिप्त रूप काढून घ्या आणि विचारा, ‘मग आपले ४० कुठे गेले?’ बहुतेक मुलांना तिथेच चूक दिसते.

दुसऱ्या चुकीत त्याने अंशाने भागलं, म्हणजे अंश आणि छेद यांच्या कामांची अदलाबदल झाली. ६६ ची गोष्टही तीच आहे, फक्त शेवटपर्यंत नेलेली: ४० गुणिले ५ म्हणजे २००, भागिले ३, ६६ आणि बाकी २. पण तिथे आणखी एक गोष्ट सुटली. ४० मधला काही भाग काढायचा होता आणि उत्तर ४० हून मोठं आलं, तरी त्याला ते खटकलं नाही. आम्हाला विचाराल तर काळजीची गोष्ट ही आहे. गुणाकार-भागाकार उलटसुलट होणं चार दिवसांत सुधारतं. उत्तराकडे बघून ‘हे शक्य आहे का?’ असं वाटण्याची सवय लावायला वेळ लागतो. म्हणून ती पहिल्या दिवसापासून लावायची.

‘वरच्याने गुण, खालच्याने भाग’ हा नियम चुकीचा नाही. तो फार लवकर दिला गेला, एवढंच. ‘वर’ आणि ‘खाली’ या कागदावरच्या जागा आहेत, त्यातून काय करायचं आहे ते कळत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी उलटं होतं. त्याऐवजी कामं सांगा: छेद सांगतो एकूण वस्तूंचे किती समान वाटे करायचे, अंश सांगतो त्यातले किती वाटे घ्यायचे. वाटे केल्याशिवाय घेणार काय? त्यामुळे छेदाचं काम नेहमी आधी, ते वेगळं पाठ करावंच लागत नाही.

आणखी एक अडचण पुस्तकातल्या चित्रांमुळे येते. अपूर्णांकाची ओळख होते ती भाकरीच्या किंवा वर्तुळाच्या चित्राने: एक वस्तू, तिचे पाच भाग, तीन रंगवलेले. तिथे ‘पूर्ण’ म्हणजे एक भाकरी. इथे मात्र ‘पूर्ण’ म्हणजे चाळीस वस्तू. हा बदल मोठ्यांना जाणवतही नाही, पण मुलाच्या डोक्यात ३/५ हा अजून भाकरीचा तुकडाच असतो आणि त्याचा चाळिसाशी काय संबंध, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. म्हणून वर्तुळं काही दिवस बाजूला ठेवा.

चाळीस चिंचोके घ्या (शेंगदाणे नकोत, मधेच संपतात) आणि पाच बशा. त्याला एकेक चिंचोका पाळीपाळीने पाचही बशांत टाकायला सांगा, ४० संपेपर्यंत. मग एकाच बशीतले मोजायचे: आठ. आता ३/५ मधल्या ३ वर बोट ठेवा आणि तीन बशा पुढे सरकवा: चोवीस. या वेळी वही-पेन्सिल लांब ठेवा, तोंडाने मात्र म्हणायला लावा: ‘चाळीसचे पाच समान वाटे. एका वाट्यात आठ. असे तीन वाटे. चोवीस.’ ही चार वाक्यं याच क्रमाने, प्रत्येक गणिताला. पुढे लिहायचं आहे ते हेच.

बशा मोडू नका. त्याच मांडणीत विचारा: १/५ किती? २/५? ४/५? मग ५/५ किती, हे विचारा. पाचही बशा, म्हणजे पूर्ण चाळीस. अंश आणि छेद सारखे असले की पूर्ण संख्या मिळते, हे इथे सांगावं लागत नाही. धीट असेल तर ६/५ पण विचारा. सहावी बशी लागेल आणि तिच्यातही आठच ठेवावे लागतील, म्हणून ४८. म्हणजे उत्तर मूळ संख्येहून मोठं कधी येतं हेही त्याला कळतं: अंश छेदाहून मोठा असेल तेव्हाच. ३/५ चं उत्तर ६६ का येऊ शकत नाही, हे आता तोच तुम्हाला सांगेल.

पहिले दोन-तीन दिवस नुसता एकच वाटा काढायचा: २४ चा १/३, ३६ चा १/४, ४० चा १/८, ७२ चा १/६. बरेच पालक हा टप्पा ‘सोपा आहे’ म्हणून ओलांडून जातात. पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे, तेव्हा इथे घाई करू नका. संख्या निवडताना २४, ३६, ४०, ६०, ७२ अशा घ्या, कारण त्यांना बऱ्याच संख्यांनी नि:शेष भाग जातो. एकट्या २४ वर एक संध्याकाळ जाते: १/३ म्हणजे ८, २/३ म्हणजे १६, ३/४ म्हणजे १८, ५/६ म्हणजे २०, ७/८ म्हणजे २१, ५/१२ म्हणजे १०, ११/१२ म्हणजे २२. त्यातच ४/६ आणि ८/१२ काढायला लावा. दोन्हींचं उत्तर १६ येतं, २/३ चं होतं तेच. सममूल्य अपूर्णांक खरे कशासाठी असतात हे त्याला इथे दिसेल, आणि १२०/२०० ची सवय सुटायला त्याची मदत होईल.

बशांवरून वहीकडे येताना मधे एक पायरी ठेवा, पट्टीची. चौकटीच्या वहीत दहा घरं लांबीची पट्टी आखायची, तिचे दोन-दोन घरांचे पाच भाग करायचे, पट्टीवर एकूण ४० लिहायचं आणि प्रत्येक भागात ८ हा आकडा प्रत्यक्ष लिहायचा. नुसते भाग रंगवून चालणार नाही. आकडा आत लिहिला नाही तर चित्र परत भाकरीसारखं होतं. इथे दोन चुका होतात. एक म्हणजे मूल अंशाएवढे भाग पाडतं, ३/५ साठी तीनच. तसं झालं तर बोलू नका, ‘पाचातले तीन घ्यायचे, तर पाच कुठे आहेत?’ एवढंच विचारा. दुसरी चूक म्हणजे हाताने ओढलेले लहानमोठे भाग. चौकटीच्या वहीमुळे ती आपोआप टळते.

पट्टी जमली की लिहिणं. गणितात ‘४० चे ३/५’ हे ४० × ३/५ असं मांडतात. ‘चा, ची, चे’च्या जागी गुणिले का, असं तो विचारेल. त्याला सांगा: ‘१२ च्या दोन पट’ म्हणजे १२ × २, ‘१२ ची एक पट’ म्हणजे १२ × १, मग ‘१२ ची अर्धी पट’ म्हणजे १२ × १/२. पट एकपेक्षा कमी झाली म्हणून चिन्ह बदलत नाही, उत्तर तेवढं लहान होतं. वहीत दोन ओळी पुरेत:

४० ÷ ५ = ८
८ × ३ = २४

शाळेत ४० × ३ = १२० आणि १२० ÷ ५ = २४ असंही करून घेतात. तेही बरोबर. तीन चाळीस एकत्र केले आणि त्यांचे पाच वाटे केले, तर प्रत्येक चाळिसातून आठ मिळतात, तीन वेळा आठ. पण आधी भाग जात असेल तर आधीच भागावं, संख्या लहान राहतात. १४४ चे ५/१२ काढताना १४४ ÷ १२ = १२ आणि १२ × ५ = ६० हे तोंडी होतं; आधी गुणलं तर ७२० ला १२ ने भागत बसावं लागतं.

आधी भागण्यात धोका आहे तो बाकी उरते तेव्हा. ५० चे ३/४ घ्या. ५० ला ४ ने भागलं, १२ आले, बाकी २. मूल ती बाकी सोडून देतं आणि १२ × ३ = ३६ लिहितं. खरं उत्तर साडेसदतीस. प्रत्येक वाट्यातला अर्धा हरवला आणि वाटे तीन होते, म्हणून एकूण दीडची तूट आली. तेव्हा नियम असा लावा: भाग नि:शेष जात असेल तर आधी भागा, जात नसेल तर आधी गुणा. ५० × ३ = १५०, १५० ÷ ४ = ३७ आणि बाकी २, म्हणजे ३७ पूर्णांक २/४, म्हणजे साडेसदतीस. ५० रुपये असतील तर ३७ रुपये ५० पैसे. ५० मुलं असतील तर मात्र गणितच चुकीचं दिलेलं आहे, आणि हे मुलाला ओळखता आलं पाहिजे.

मोजमापाच्या गणितात याहून सोपी वाट असते: आधी लहान एकक करायचं. ५ किलोचे ३/४ काढायचे तर ५००० ग्रॅम ÷ ४ = १२५० आणि गुणिले ३ म्हणजे ३७५० ग्रॅम, पावणेचार किलो. २ तासांचे ३/५ म्हणजे १२० मिनिटं ÷ ५ = २४, गुणिले ३ म्हणजे ७२ मिनिटं, १ तास १२ मिनिटं. वेळेचं गणित दशांश चिन्हात केलं की १.२ तास येतात आणि मूल बेधडक ‘१ तास २० मिनिटं’ लिहितं. तासात शंभर मिनिटं नसतात, साठ असतात. म्हणून वेळेला मिनिटंच बरी.

संक्षेप देताना म्हणजे काटताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. ३६ × ३/४ मध्ये ३६ आणि ३ दोन्हींना ३ ने भाग जातो हे पाहून मुलं तेच काटतात: ३६ चे १२ करतात, ३ चा १ करतात आणि उत्तर येतं ३. पण ते दोघेही वरचे, म्हणजे गुणाकारातले आहेत. काटायचं ते एक वरचं आणि एक खालचं. ३६ आणि ४ ला ४ ने काटलं की ९ उरतात, ९ × ३ = २७. आणि काटल्यावर आलेले हे ९ म्हणजे दुसरं काही नाही, एक वाटाच आहे, हे एकदा पट्टीवर दाखवून ठेवा.

गणित सोडवण्याआधी दर वेळी एक अंदाज घ्यायला लावा: उत्तर निम्म्याहून जास्त येणार की कमी? अंशाची दुप्पट छेदाहून जास्त असेल तर निम्म्याहून जास्त. ३ ची दुप्पट ६, ती ५ हून जास्त, म्हणून उत्तर २० ते ४० च्या मधे कुठेतरी हवं. याला दहा सेकंद लागतात, आणि ६६ आणि १२०/२०० ही दोन्ही उत्तरं तिथल्या तिथे बाद होतात.

पाव, पाऊण, दीड हे तर तुमच्या घरात रोज बोललं जात असेल, त्याचा उपयोग करा. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी (साडेतीनची) असे अपूर्णांकांचे पाढेच म्हणून घेत. एकाचे पाऊण, दोनाचे दीड, तीनाचे सव्वादोन, चाराचे तीन: ही पाऊणकी म्हणजे तुमच्या मुलाच्या गणितातली ३/४ ची पूर्ण यादी. सगळे पाढे आज पाठ करायची गरज नाही, पण पावकी आणि पाऊणकी दहापर्यंत येत असेल तर किलो, डझन आणि तासाची निम्मी गणितं तोंडी सुटतात. शिवाय त्यात एक युक्ती दडलेली आहे. पाऊण म्हणजे पूर्णातून एक पाव वजा. ६० मिनिटांचे पाऊण काढायला १५ ची तिप्पट करा किंवा ६० मधून १५ काढा, ४५ च. अंश छेदाहून एकनेच कमी असेल तिथे सगळीकडे हे चालतं: ७२ चे ५/६ म्हणजे ७२ उणे १२, ६०; ९६ चे ७/८ म्हणजे ९६ उणे १२, ८४.

जमिनीची उदाहरणंही घ्या. एकराचे ४० गुंठे, म्हणजे परत आपली चाळीसचीच संख्या. एका एकराचा ३/८ हिस्सा म्हणजे ४० ÷ ८ = ५, गुणिले ३, १५ गुंठे. मुलाने ‘मग ७/१२ म्हणजे किती गुंठे?’ असं विचारलं तर शाबासकी द्या आणि सांगा की सातबारातली तिरकी रेघ अपूर्णांकाची नाही; गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो उतारा होतो.

आता ‘उरलेल्याचा’ची गणितं. यात नवीन आकडेमोड काहीच नसते, फक्त मधेच ‘पूर्ण’ बदलतं. एक उदाहरण सोडवून पाहू: सायलीकडे ६० रुपये होते. त्यातल्या २/५ रकमेची तिने वही घेतली, उरलेल्या रकमेच्या १/४ चं पेन घेतलं. किती रुपये उरले?

पट्टी काढा, पाच भाग, प्रत्येकात १२. दोन भागांवर फुली, वहीचे २४ गेले. आता उरलेल्या तीन भागांच्या खाली नवी पट्टी काढा आणि तिच्यावर ठळक लिहा: ३६. इथून पुढे ६० कडे बघायचंच नाही. ३६ चे चार वाटे, एक वाटा ९, पेनचे ९ गेले, उरले २७. मूल २१ उत्तर आणेल तर त्याने १/४ हा ६० चाच काढला आहे: ६० उणे २४ उणे १५. कधी मुलं २/५ आणि १/४ ची बेरीज करून १३/२० खर्च धरतात. त्यातूनही २१ च येतात, कारण चूक एकच आहे. बहुपर्यायी प्रश्नात हा २१ पर्यायांमध्ये ठेवलेला असतो, म्हणून मुलाला ‘उत्तर जुळलं’ असं वाटतं आणि तो पुढे जातो. उपाय साधा आहे: गणित वाचताना प्रत्येक अपूर्णांकाखाली रेघ मारायची आणि ‘कशाचा?’ हे विचारून त्याचं उत्तर शेजारी लिहायचं. ‘२/५: ६० चे. १/४: उरलेल्यांचा.’ हे लिहून झाल्याशिवाय आकडेमोड नाही.

याच पट्टीवर उलट गणितही बसतं. ‘एका संख्येचे ३/५ म्हणजे २४, तर ती संख्या कोणती?’ यात मुलं २४ चे ३/५ काढायला जातात आणि ७२/५ वर अडकतात. पट्टी काढून एकच विचारा: २४ हे पूर्ण पट्टीचे की तीन भागांचे? तीन भागांत २४, म्हणून एका भागात ८, पाच भागांत ४०. इथे आधी अंशाने भागावं लागतं, आणि ते का हे पट्टीत दिसतं. पण हा प्रकार सरळ गणितं पक्की झाल्यावरच घ्या. दोन्ही एकाच दिवशी शिकवले तर अंश-छेदाची अदलाबदल नव्याने सुरू होईल.

रोज पाच-सहा गणितं पुरेत. त्यात तीन साधी, एक बाकी उरणारं, एक शाब्दिक असू द्या. दिवसाआड एक गणित त्याला स्वतः तयार करायला सांगा. भाग नि:शेष जाईल अशी संख्या शोधताना त्याला छेदाच्या पटीत विचार करावाच लागतो.

एवढं करूनही वहीत चूक होत राहिली, बशांमध्ये मात्र बरोबर येत असेल, तर अडचण अपूर्णांकाची नाही, भागाकाराची आहे. पाढे पाठ असलेली बरीच मुलं पाढा वरून खाली म्हणतात, पण ‘आठ कितीवेळा घेतले म्हणजे ५६?’ असं मधूनच विचारलं तर एकापासून सुरू करतात. तसं असेल तर आठवडाभर अपूर्णांक थांबवा आणि ६, ७, ८, ९, १२ चे पाढे याच पद्धतीने मधूनच आणि उलट विचारा. तीन सेकंदांत उत्तर यायला लागलं की परत २४ आणि पट्टीकडे या.